नखाएवढं महापद्म

गेल्या उन्हाळ्यात गावच्या घरातलं कपाट आवरताना आत्याचा पितळी करंडा हाती आला. आत कुंकू नव्हतं. कापसाच्या बोळ्यात जपून ठेवलेलं एक मेमरी कार्ड होतं, दोन जीबीचं, वरची छापील अक्षरं पार घासून गेलेली. आत्या त्याला 'चिप' म्हणायची. २००९ साली तिला घेऊन दिलेल्या बटणांच्या साध्या फोनमध्ये ते होतं, आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मोबाईल दुकानातून त्यात भजनं-भारुडं भरून आणायचं काम माझ्याकडे असायचं. दुकानाच्या काचेवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी होती. वीस रुपयांत चिप काठोकाठ भरून मिळायची.

कार्ड रीडरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं. इतकी वर्षं कपाटात पडून होतं, तरी उघडलं. भजनांच्या गर्दीत एक फाइल निराळी दिसली, नाव फोननेच दिलेलं. एकेचाळीस सेकंदांची. आधी जात्याची घरघर आणि मग आत्याचा आवाज, ओवीची एक ओळ, दुसरी ओळ. तोवर गावात गिरणी येऊन जमाना झाला होता, जातं कोपऱ्यात पडलं होतं. मी हट्ट धरला म्हणून ती त्या दिवशी ज्वारी घेऊन बसली होती. हे मी फोनवर टिपून घेतलं होतं, तेच विसरून गेलो होतो. आत्या आता नाही.

पुन्हा पुन्हा ऐकून झाल्यावर फाइलची माहिती उघडली. आकार: ६६ केबी. आत्याचा आवाज, जात्याची घरघर, मागे कुठेतरी ओरडणारा कोंबडा, सगळं मिळून ६६ केबी. ते म्हणजे नेमकं किती, या एका प्रश्नापायी मी पुढचे कित्येक दिवस वही-पेन्सिल घेऊन बसत होतो.

सुरुवात मोठ्या टोकापासून केली. आता बाजारात एक टीबीचं मायक्रोएसडी कार्ड मिळतं. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड. वजन पाव ग्रॅमच्या आसपास. करंगळीच्या नखावर ठेवलं तर थोडं बाहेर डोकावेल इतकंच. या आकारात एक टीबी पहिल्यांदा बसला तो २०१९ साली. एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. 'लाख कोटी' हा शब्द आपण अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो, कारण तो डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. पण आपल्याकडे या संख्येला स्वतःचं, एका शब्दाचं नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तिच्यात दर पायरीला दहापट होत जाणाऱ्या संख्यांची नावं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, आणि मग महापद्म. एकावर बारा शून्यं. एक टीबी म्हणजे बरोबर एक महापद्म बाइट.

चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची नोंद त्या दगडावर कोरलेली आहे. लिहून ठेवायला तेव्हा दगड, ताम्रपट आणि ताडपत्रं होती. तरीही ज्या संख्येएवढ्या वस्तू कुणी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या, तिला नाव देऊन ठेवलं होतं. आज ते महापद्म तालुक्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत घालून मिळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे एका कार्डात आठ लाख कोटी 'हो' किंवा 'नाही'. सेकंदाला एक या गतीने, न थांबता, न झोपता ती मोजायला बसलं तर अडीच लाख वर्षांहून जास्त काळ लागेल. आपल्या मानवजातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतले आहेत, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. त्या माणसांच्या फार पुढच्या वंशजांपैकी कुणी मोजायला बसलं असतं, तर आज कुठे मोजणी संपत आली असती.

बिट हे शेवटी कशात तरी ठेवावे लागतात. कार्डाच्या आत सिलिकॉनवर सूक्ष्म खाने कोरलेले असतात, आणि सध्याच्या बहुतेक कार्डांत एका खान्यात तीन बिट बसवतात. आठ लाख कोटीला तीनाने भागलं की दोन लाख सदुसष्ट हजार कोटी खाने होतात. आता प्रत्येक खान्याऐवजी ज्वारीचा एक दाणा ठेवून बघू. हजार दाण्यांचं वजन साधारण तीस ग्रॅम धरलं, तर सगळी ज्वारी भरते ऐंशी हजार टन. क्विंटलची आठ लाख पोती. दहा टनी ट्रकमध्ये भरली तर आठ हजार ट्रक. ट्रकमागे दहा मीटर रस्ता धरला तर रांग ऐंशी किलोमीटरची. पहिला ट्रक पुण्याहून निघून खंबाटकी घाट ओलांडून वाईच्या वाटेला लागेल, तेव्हा शेवटचा पुण्यात सुरू होत असेल. त्या रांगेतला एकेक दाणा वेगळा ओळखायचा, तो कुठल्या ट्रकमधल्या कुठल्या पोत्यात कितवा आहे हे लक्षात ठेवायचं, आणि मागितला की डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून द्यायचा. नखाएवढं कार्ड हे काम फोनमध्ये बसल्या बसल्या करतं.

उंचीचाही हिशेब करून पाहिला. तीन एमबीचा एक फोटो धरला तर एक टीबीत सव्वातीन लाखांच्या वर फोटो मावतात. ते सगळे कागदावर छापले, कागदाची जाडी पाव मिलिमीटर धरली आणि एकावर एक रचले, तर चळत होते ८३ मीटरची. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा आहे. आणि ज्यांनी संगणक फ्लॉपीवर शिकला, त्यांच्यासाठी: १.४४ एमबीच्या फ्लॉप्या लागतील पावणेसात लाखांहून जास्त. एकीची जाडी ३.३ मिलिमीटर. चळत सव्वादोन किलोमीटरची, कळसूबाईच्या शिखराहून सुमारे सहाशे मीटर उंच.

मागे गेलं तर आकडे आणखी मोठे होतात. १९५६ साली आयबीएमने फिरत्या चकत्यांवर माहिती साठवणारं पहिलं यंत्र विक्रीला आणलं, त्याचं नाव रामॅक. दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन टनभर, साठवण जेमतेम पावणेचार एमबी, आणि पूर्ण यंत्रणेचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. तिच्यात आज एखादं गाणं मावलं असतं. एक टीबीसाठी अशी पावणेतीन लाखांच्या जवळपास यंत्रं लागली असती, आणि प्रत्यक्षात बनली ती हजाराच्या थोडी वर.

पण मला खरं गुंतवलं ते त्या एका खान्याने. सगळी जादू तिथे आहे.

खाना म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची जागा. चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडची भिंत, जिच्यातून वीज जात नाही. इलेक्ट्रॉन आत असले की एक खूण, नसले की दुसरी. दार मात्र नाही. मग इलेक्ट्रॉन आत जातात कसे? ही भिंत सात-आठ नॅनोमीटर जाड असते, केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजारावा भाग. तिच्यावर पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन भिंत न फोडता तिच्या पलीकडे उमटतात. भौतिकशास्त्रात याला टनेलिंग म्हणतात, आणि आपल्या रोजच्या अनुभवात त्याला जोड नाही. फोन कार्डाला तीन व्होल्टच्या आसपास वीज देतो. कार्ड आतल्या आत ती वीस व्होल्टपर्यंत चढवतं, इलेक्ट्रॉन पलीकडे ढकलतं आणि दाब काढून घेतं. मागे राहतात कोंडलेले इलेक्ट्रॉन. वीज बंद करा, कार्ड काढून करंड्यात ठेवा, ते तिथेच असतात.

किती असतात? बनावटीप्रमाणे आकडा बदलतो, पण तो शेकड्यांत मोजायचा. कोटींत नाही, लाखांतही नाही. आणि एका खान्यात तीन बिट ठेवायचे तर नुसतं 'आहे-नाही' पुरत नाही. भरणीच्या आठ पातळ्या लागतात, रिकामी, थोडी भरलेली, अजून थोडी, अशा. म्हणजे एका पातळीत आणि पुढच्या पातळीत फरक मोजक्या इलेक्ट्रॉनांचा. आजीच्या मापट्याला कडेपर्यंत की शिगोशीग एवढाच प्रश्न असायचा. इथे पसाभर दाण्यांतले चार इकडे-तिकडे झाले तरी अक्षर बदलतं.

हे सगळं बसवण्याची रीत टोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांची. १९८४ साली त्यांनी ती सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली, आणि आज कार्डांत वापरतात तो दाटीवाटीचा प्रकार १९८७ मध्ये. यातली नोंद एकेक करून पुसता येत नाही, मोठा तुकडा एका झटक्यात पुसावा लागतो. ते पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि 'फ्लॅश' हे नाव पडलं. जगभरच्या खिशांत जाऊन बसलेल्या या शोधाचा मोबदला मिळवायला मासुओकांना आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००६ साली ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. मला ती रक्कम फार थोडी वाटते.

जमीन संपली की शहरं वर चढतात, तसंच पुढे झालं. २०१३ मध्ये खान्यांचे २४ मजले असलेल्या चिप बाजारात आल्या. आता तीनशेच्या वर मजले चढवलेल्या आहेत. एका मिलिमीटरच्या कार्डात अशा आठ-सोळा चिप, प्रत्येक घासून घासून केसाहून पातळ केलेली, पापडासारख्या एकावर एक रचून बसवतात. शिवाय त्याच कार्डात एक छोटा संगणकही असतो. कुठली नोंद कुठल्या खान्यात आहे हे तो सांभाळतो, झिजलेल्या जागा बाजूला काढतो, कारण पुसण्या-लिहिण्याने खान्याची भिंत कमकुवत होत जाते. तीन बिटवाले खाने साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसून झाले की थकतात. २०१३ च्या डिसेंबरात हॅम्बर्गच्या एका परिषदेत अँड्र्यू हुआंग आणि त्यांच्या साथीदाराने कार्डातल्या या संगणकावर आपला प्रोग्राम चालवून दाखवला, तेव्हा अनेकांना तो तिथे आहे हे पहिल्यांदा कळलं.

याच संगणकाच्या जिवावर फसवणूकही चालते. त्याला खोटं बोलायला शिकवलं की सोळा जीबीचं कार्ड फोनला 'मी ५१२ जीबीचा' असं सांगतं, फोन विश्वास ठेवतो, सोळा जीबीनंतरची प्रत्येक फाइल जुन्या फाइलवर लिहिली जाते किंवा हवेत विरते. माझ्या मावसभावाने जत्रेतल्या एका ठेल्यावरून असं कार्ड घेतलं आणि मुलीच्या बारशाचे फोटो घालवले. नावं दिसत होती, उघडायला गेलं की करडा चौकोन. नवं कार्ड घेतलं की ते एकदा पूर्ण भरून पुन्हा वाचून बघावं. रात्रभराचं काम आहे, पण करावंच. मात्र ६४ जीबीच्या कार्डावर संगणक ५९.६ दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, बरेच संगणक १०२४ च्या पटीत. जागा तेवढीच असते.

आता अक्षरांकडे येऊ. संगणकाच्या नेहमीच्या रीतीत रोमन लिपीतलं अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अशा अकरा खुणा आहेत, म्हणजे ३३ बाइट. 'आई' या शब्दात दोन. सहा बाइट, अठ्ठेचाळीस बिट, तीन बिटांच्या हिशेबाने सोळा खाने. 'आई' लिहायला सोळा खाने लागतात, आणि प्रत्येकात फार तर काही शे इलेक्ट्रॉन.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं जमवली, शब्दाशब्दाची पाठभेदांशी ताडणी केली, एकोणीस खंड झाले. काम सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांना शेवटचा खंड पाहायला मिळाला नाही. त्यातले एकोणनव्वद हजारांच्या आसपास श्लोक देवनागरीत टाइप केले, श्लोकाला अडीचशे बाइटच्या आत धरलं, तर मूळ संहिता वीस-बावीस एमबीत बसते. एक टीबीच्या कार्डावर अशी पंचेचाळीस हजारांहून जास्त महाभारतं मावतील. आत्याच्या दोन जीबीच्या चिपेतही नव्वद मावली असती. आणि हेमा रैरकर व गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून, बायांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलेल्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या? माझ्या मोजणीप्रमाणे त्यांचाही पसारा तेवढाच, वीस-बावीस एमबी. कार्डाच्या लेखी व्यासांचं महाभारत आणि मावळातल्या बायांच्या ओव्या एकाच वजनाच्या आहेत. हा आकडा जुळला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

इतकं सगळं इतक्या लहान जागेत बसलं की ते हातात घेऊन चालणंच तारेतून पाठवण्यापेक्षा वेगवान ठरतं. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत एका कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून हॉविकहून डर्बनला सोडलं. सुमारे ऐंशी किलोमीटर अंतर त्याने एक तास आठ मिनिटांत कापलं. कार्डातली माहिती उतरवून घेईपर्यंत दोन तासांच्या थोडं वर झाले, तेवढ्या वेळात इंटरनेटवरून त्याच माहितीचे शंभरातले चारच भाग पोचले होते.

मग मुंबईचा डबा का नको? डब्याचा एक कप्पा एक लिटरचा धरा. मधल्या फटी वजा जाऊन त्यात पाच हजार मायक्रोएसडी कार्डं सहज मावतील, वजन सव्वा किलो. पाच हजार टीबी. डबेवाल्याने तो अंधेरीहून उचलून तीन तासांत फोर्टात पोचवला, तर माहिती सेकंदाला साडेतीन लाख कोटी बिटांहून जास्त वेगाने गेली. घरच्या शंभर एमबीपीएसच्या तारेवरून तेवढीच पाठवायला साडेबारा वर्षं लागतील. कार्डं वाचायला पुढे वेळ लागेल, एकामागून एक लावली तर दीड वर्षाहून जास्त, हेही खरं. पण पाच हजार टीबी हा आकडा मी उगाच घेतला नाही. २०१७ साली पृथ्वीभरच्या दुर्बिणींनी मिळून एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं निरीक्षण केलं, त्याची माहिती साधारण एवढीच होती. ती इंटरनेटवरून पाठवण्यासारखी नव्हती, म्हणून हार्ड डिस्कमध्ये भरून विमानांनी नेली. अर्धा टन डिस्क. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर हिवाळाभर तिथेच अडकून राहिल्या, विमानं सुरू झाल्यावर निघाल्या. १० एप्रिल २०१९ ला जगाने कृष्णविवराचं जे पहिलं चित्र पाहिलं, त्यामागची सगळी माहिती आजच्या कार्डांत भरली तर भाजीच्या एका कप्प्यात मावते.

हे ऐकायला भक्कम वाटतं, पण आत सगळं डळमळीत आहे. सात-आठ नॅनोमीटरच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन जसे आत गेले, तसे हळूहळू, एकेक करून बाहेरही झिरपतात. उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या घरात जास्त झिरपतात. चांगल्या, फारशा न झिजलेल्या खान्यात नोंद दहा वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते. आत्याची चिप त्या मुदतीपलीकडे गेली होती.

तरी ती उघडली, याचं श्रेय गणिताला. थकलेल्या खान्यांत हजारात एखादं बिट उलटं वाचलं जाऊ शकतं, म्हणून कार्ड नोंदींच्या प्रत्येक तुकड्याबरोबर काही जास्तीचे बिट लिहून ठेवतं. ते अशा रीतीने गुंफलेले असतात की कुठलं बिट बिघडलं हे त्यांच्यावरून शोधून काढता येतं आणि सुधारता येतं. या कामासाठी फ्लॅशमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली एक सांकेतिक रीत बीसीएच नावाने ओळखली जाते. त्यातला बी म्हणजे होशंगाबादला जन्मलेले राजचंद्र बोस, सी म्हणजे त्यांचे शिष्य रायचौधुरी, आणि एच म्हणजे त्यांच्याआधी स्वतंत्रपणे तीच वाट सापडलेले फ्रेंच गणिती ओकांगेम. १९५९-६० ची ही गोष्ट. १९५९ सालीच बोस यांनी आणखी दोघांबरोबर ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं एक अनुमान खोटं ठरवलं. त्या दोघांपैकी एक होते शरदचंद्र शंकर श्रीखंडे, नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले. ही माणसं सुंदर रचनांच्या मागे होती, मेमरी कार्ड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. करंड्यातल्या चिपेत किती बिट उलटली होती मला कळणार नाही. जी उलटली असतील ती असल्या गणितानेच जागेवर बसवून दिली.

एवढं कळल्यावर पुन्हा ६६ केबीकडे वळलो. त्या साध्या फोनची आवाज टिपण्याची रीत बोलण्यासाठी बनवलेली होती. एका सेकंदाचे पन्नास तुकडे, प्रत्येक तुकडा ३२ बाइटमध्ये दाबून बसवायचा. एकेचाळीस सेकंदांचे २,०५० तुकडे. ६५,६०० बाइट, सव्वापाच लाखांच्या आसपास बिट. त्या काळच्या कार्डात एका खान्यात दोन बिट धरले तर २ लाख ६२ हजार ४०० खाने. कोंडलेले इलेक्ट्रॉन सगळे मिळून दहा-वीस कोटींच्या घरात असतील. त्यांचं वजन लिहायचं तर ग्रॅमच्या दशांशचिन्हामागे अठरा शून्यं काढावी लागतात.

आणि ज्वारीचे दाणे मोजले तर? आख्खी दोन जीबीची चिप चोवीस ट्रकांची झाली. आत्याच्या ओवीचे दाणे झाले पावणेआठ किलोंच्या थोडे वर. आमच्या घरचं एका दिवसाचं दळण तेवढंच असायचं. पहाटे जातं सुरू झालं की दिवस वर येईपर्यंत तेवढं उरकायचं, असं तीच सांगायची.

ती फाइल मी तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे. एक प्रत नव्या कार्डावर आहे, त्याला ती लिहून घ्यायला क्षणभरही लागला नाही. दर दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे उतरवायची, असं वहीत लिहून ठेवलंय. जुनी चिप पुन्हा कापसात गुंडाळून करंड्यात ठेवली.

शेवटच्या तीन सेकंदांत ओवी नाही. जातं थांबतं, आणि आत्या म्हणते, "बंद कर आता ते, पीठ सांडतंय बघ." त्याचाही हिशेब केला. दीडशे तुकडे, ४,८०० बाइट, १९,२०० खाने. एकोणीस हजार दोनशे दाणे ज्वारी म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडी वर, पाचेक भाकऱ्यांचं पीठ.